चित्रकला शिकायला नाशिकला येताय? काम, दोस्ती आणि आनंदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की माझा फोन वाजायला लागतो. मी निफाड तालुक्यातल्या एका गावातून नाशिकला चित्रकला शिकायला आले, इथेच शिकले आणि आता इथेच मुलांना शिकवते. सीईटी, दाखले, फी यांबद्दल मुलं विचारतातच. पण फोन ठेवता ठेवता आवाज बारीक करून खरा प्रश्न येतो, "ताई, तिथं करमेल ना?" त्या प्रश्नाची निरनिराळी रूपं आणि मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्याने त्याने आपल्या कामाचं तेवढं वाचावं.

मी सुरगाण्याहून आलोय. वर्गात सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात. बोलायला सुरुवात कुठून करू?

बोलण्यापासून करूच नकोस. शेजारी बसून काम करण्यापासून कर.

आपल्या वर्गाचं एक बरं असतं. दोन माणसं तीन-तीन तास शेजारी बसतात आणि एक शब्द बोलली नाहीत तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. आमच्या पहिल्या वस्तुचित्राला सरांनी किटली, दोन कांदे आणि चुरगळलेलं हिरवं कापड मांडलं होतं. माझ्या जागेवरून किटलीची तोटी दिसतच नव्हती. शेजारच्या मुलीला विचारलं, "तुझ्याकडून तोटी दिसू राहिली का गं?" ती सरकली, मी तिच्या जागी बसून पाहिलं, तिने माझ्या जागेवरून पाहिलं. आमची ओळख एवढीच झाली. नावं दुसऱ्या दिवशी विचारली.

आता भाषेचं. माझ्या 'करू राहिली'ला मागच्या बाकावरून हसणारे होते. वाईट वाटलं, चार दिवस गप्प बसले. मग कळवणच्या एका मुलाने मुद्दाम मोठ्याने अहिराणीत विचारलं, "काय करी ऱ्हायनी तू?" आणि वर्ग माझ्यावर नाही, माझ्यासोबत हसला. तुझ्या बोलण्यातला हेल सांभाळ. पुढे चित्रातही तोच उपयोगी पडतो, कारण तुझ्या पाड्यावरचं ऊन, कुडाच्या भिंती, नागलीची खाचरं वर्गात दुसऱ्या कुणी पाहिलेली नाहीत.

पहिल्या महिन्यात एवढंच कर: रविवारी सकाळी पॅड घेऊन गंगेवर जा आणि आदल्या दिवशी शेजारच्याला 'येतोस का' म्हणून विचार. दोघांनी नाही म्हटलं तर तिसऱ्याला विचार.

गंगेवर म्हणजे नेमकं कुठे, किती वाजता?

बाहेरगावच्यांसाठी आधी सांगते, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.

सकाळी सातपर्यंत पोहोचा. पंचवटीच्या काठावर बसलात तर ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि समोर जुन्या नाशिकची बाजू उजळते, सुंदर नारायणाचं मंदिर आणि घाटापर्यंत उतरत आलेली घरं. संध्याकाळी काठ बदला. मावळतीचं ऊन नारोशंकराच्या मंदिरावर पडतं तेव्हा त्या काळ्या दगडात जांभळा आणि तपकिरी एकाच वेळी दिसतो. हे मंदिर १७४७ सालचं. तिथली घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मधे नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, हेच नाशिककरांचं पुराचं माप. त्या दिवसांत काठावर बसू नका, पुलावरूनही रेखाटू नका. चित्र राहू द्या.

बुधवारी घाटावर बाजार भरतो. पटापट रेखाटनं करायला याहून चांगली शाळा नाही, भाजीवाल्या मावशी तुमच्यासाठी हात थांबवून ठेवणार नाहीत. मागे गर्दी जमेल, कुणीतरी 'आमचं बी काढ की' म्हणेल. काढून द्या. कागदाचा एक तुकडा जातो आणि तुमची भीड मोडते.

जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली उतरतो आणि सकाळचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात लावलेला पातळ रंग, वाळता वाळत नाही. आकाश लावून झालं की वीस मिनिटं नुसतं बसून राहायचं. चहा घ्यायचा, हात चोळायचे, बोलायचं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गप्पा आकाश वाळण्याची वाट पाहताना झाल्या आहेत. एप्रिलमध्ये उलट, कड ओली ठेवायचीच मारामार. तेव्हा कागद मागून भिजवून घ्या आणि बोलणं नंतर करा.

माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. मला तिचा आनंद होत नाही. मी वाईट आहे का?

नाहीस. पण याच ठिकाणी मी चुकले होते, म्हणून तुला सविस्तर सांगते.

किटलीच्या तोटीवरून ओळख झाली ती मुलगी येवल्याची. घरात पैठणीचा माग. लहानपणापासून तिने रेशमाच्या लडी रंगवारी लावल्या होत्या, त्यामुळे दोन रंग शेजारी ठेवले की एकमेकांना काय करतात हे तिला न शिकवता कळायचं. मी मात्र तोच रंग तीनदा खरडून काढायचे. तिसऱ्या वर्षी एका मोठ्या प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागासाठी प्रवेशिका निघाल्या. एका सीनियरने मला शेवटची तारीख सांगितली. येवलेकरणीने विचारलं, "काही आहे का गं पाठवायला?" मी म्हटलं, "नाही."

माझं चित्र पाठवलं. निवडलं गेलं नाही. तारीख उलटून गेल्यावर तिने ती सूचना फलकावर वाचली. मला एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. तिने नेहमीसारखी माझी पट्टी दाबून धरली आणि मी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापला. ते सोसलं नाही. महिन्याभराने मिसळ खाताना मी सगळं कबूल केलं. ती बराच वेळ पाव मोडत राहिली आणि म्हणाली, "मला दाखवलं असतंस तर त्या सावलीतला तसला कच्चा निळा मी तुला पाठवू दिला नसता."

मी घरी येऊन चित्र बाहेर काढलं. खरंच, सावलीत प्रशियन ब्लू तसाच भरला होता, खाली कसलाही उबदार रंग नाही. तिची संधी मी घालवली होती, आणि त्याच एका 'नाही'मध्ये माझंही चित्र गेलं होतं, कारण ते बघणारे सगळ्यात तयार डोळे मी बाजूला सारले होते.

तेव्हा मत्सर वाटला की लपू नकोस, जवळ जा. 'हा पॅच कसा लावलास, मला करून दाखव' म्हण. बहुतेक जण आनंदाने दाखवतात. आणि तारीख, फॉर्म, स्पर्धेची लिंक, काहीही कळलं की त्याच संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर टाक, दुसरा विचार डोक्यात यायच्या आत.

मित्राच्या चित्राबद्दल खरं सांगितलं तर तो दुखावतो, खोटं सांगितलं तर मला बरं वाटत नाही. काय करू?

'छान आहे' म्हणणं ही सुटका करून घेण्याची युक्ती आहे. तीही आपली. त्याच्या हाती काही लागत नाही.

आधी बघ. आपण फार लवकर बोलतो. चित्र भिंतीला टेकव, आठ-दहा पावलं मागे जा, डोळे किलकिले कर म्हणजे तपशील गळून नुसते टोन, उजेड-अंधाराच्या छटा, उरतात. मग चित्र उलटं कर. उलट्या चित्रात माणूस माणूस राहत नाही, झाड झाड राहत नाही. कुठे तोल गेलाय ते लगेच डोळ्यांत येतं. आता त्याला विचार, "तुला यात काय दाखवायचं होतं?" हे विचारल्याशिवाय दोष सांगू नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण तुला जो अंधार चूक वाटतोय तोच त्याला हवा असू शकतो. त्याने सांगितलं की मग बोल, आणि जागा दाखवून बोल: 'डाव्या कोपऱ्यातला पिवळा माझी नजर बाहेर नेतोय.' 'तुला रंग जमत नाही' असं कधीच नाही.

त्याच्या चित्रावर परवानगीशिवाय ब्रश टेकवू नकोस. शिकवणाऱ्यांनीही टेकवू नये असं माझं मत आहे. मी दुरुस्ती वेगळ्या कागदावर करून दाखवते.

पण शेवटी यश एकट्यालाच मिळवायचं असतं ना? निवड एकाची होते.

सहीच्या जागी एकाचं नाव असतं, हे खरं. तिथपर्यंतचा रस्ता मात्र एकट्याने चालायचा नाही.

विद्यार्थ्यांसाठी दारं कोणती आहेत ते माहीत असू दे. कला संचालनालयातर्फे भरणाऱ्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग वेगळा असतो. प्रदर्शनं भरवणाऱ्या जुन्या संस्थांपैकी बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून. आणि सगळ्यात जवळचं दार म्हणजे आपल्या कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन. त्याकडे घरचं म्हणून दुर्लक्ष करू नका.

वर्षातून दोनदा तरी चार-पाच जण मिळून मुंबईला जा. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी नाशिकरोडहून निघायचं, सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकावरून चालत काळा घोड्याला. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत जायला तिकीट लागत नाही. समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढा दिवस टाळा. आम्ही एक नियम केला होता. आत गेल्यावर पांगायचं, प्रत्येकाने एकच चित्र निवडायचं आणि ते बाकीच्यांना नेऊन दाखवायचं, का आवडलं ते सांगायचं. परतीच्या पंचवटीत तेच बोलणं इगतपुरीपर्यंत चालायचं. मला वाटतं, मी बघायला त्या गाडीतच शिकले.

नाशिकमध्येही बघण्यासारखं पुष्कळ आहे. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रं जिथे लागतील तिथे जाऊन बघा. आणि त्रिरश्मी लेण्यांच्या, म्हणजे पांडवलेणीच्या, पायऱ्या चढा. एकूण चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. ओवरीच्या पायथ्याशी तुळया खांद्यावर पेललेले गण आहेत. मुलांना मी पहिलं रेखाटन त्या गणांचं करायला सांगते. वजन खांद्यावर कसं दिसतं ते दगडात कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवलंय.

माझी मुलगी रात्री मैत्रिणीच्या खोलीवर राहून सबमिशन करते म्हणते. खरंच एवढं काम असतं का, की नुसत्या गप्पा?

काका, दोन्ही असतं, आणि दोन्ही लागतं.

माउंट कापणं म्हणजे काय ते सांगते. जाड माउंट बोर्डवर आतली चौकट आखायची, पोलादी पट्टी ठेवायची आणि कटर एका दमात ओढायचा. पट्टी केसभर सरकली की अख्खा बोर्ड वाया आणि कधी बोटही कापलं जातं. एकाने दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने कटर ओढायचा, हे काम दोघांचंच आहे. रात्री दोनला डोळे मिटत असताना समोरचा माणूस पट्टी सोडत नाही, यातून जो विश्वास बसतो तो वर्षानुवर्षं पुरतो.

तरी तुमची काळजी रास्त आहे. कुणाची खोली, कुठे, कितीजणी आहेत हे विचारा, एकदा स्वतः जाऊन बघून या. जाताना डबा न्या. मुलींना संकोच वाटेल, पण डबा पाच मिनिटांत संपेल. रोजच रात्र जागावी लागत असेल तर मात्र कामाची आखणी चुकते आहे, ते तिच्याशी शांतपणे बोला. आणि 'पोट भरेल का' हा प्रश्न मनात असेल तर: एटीडी, म्हणजे कला शिक्षक पदविका, करून चित्रकला शिक्षक होता येतं, उपयोजित कला शिकलेल्यांना छपाई, जाहिरात, ॲनिमेशनमध्ये काम मिळतं, चित्रं विकून जगणारेही आहेत. यातली बरीच कामं ओळखीतून येतात, आणि ओळखी म्हणजे आज तिच्याबरोबर जागणाऱ्या याच मुली.

रंग-कागदाचा खर्च झेपत नाही. मित्रांपुढे कमीपणा वाटतो.

इम्पिरियल कागद बावीस बाय तीस इंचाचा असतो. दोघांत एक घेतला तर दोन हाफ होतात, चौघांत चार क्वार्टर. मोठ्या ट्यूब एकत्र घेऊन पॅलेटवर वाटून घेता येतात. आमच्या पाचजणींत चांगला सेबल ब्रश, म्हणजे मऊ केसांचा महाग ब्रश, एकच होता, तो वारावारी फिरायचा आणि ज्याच्याकडे असेल त्याने धुऊन, टोक वळवून द्यायचा. सांगायला लाजू नकोस. वर्गात आणखी तिघं तुझ्याच अडचणीत असतात आणि कुणीतरी आधी बोलेल म्हणून वाट बघत असतात.

सीनियर आमच्याकडून त्यांचं काम करून घेतात. नाही म्हटलं तर दोस्ती जाईल?

वार्षिक प्रदर्शनाच्या वेळी ज्युनियरांनी खिळे ठोकायचे, चित्रं टांगायची, ही जुनी रीत आहे आणि त्यात शिकायला मिळतं. चित्राचा मध्य डोळ्यांच्या उंचीला कसा आणायचा हे मला अशाच एका सीनियर दादाने शिकवलं. पण धाक घालून, रोज, स्वतःच्या असाइनमेंट करून घेत असतील तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे. कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे जा. देशभरासाठीची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ ही आहे. अशी दोस्ती गेली तर जाऊ दे.

इन्स्टाग्रामवर माझ्या चित्राला लाइक मिळत नाहीत.

आठवड्यातून एक दिवस ठरवून टाक आणि बाकी दिवस बघू नकोस. दोघांनी समोर उभं राहून तुझं चित्र नीट पाहिलं की पुरे.

आता चित्र काढावंसंच वाटत नाही. मार्क चांगले आहेत, पण आनंद गेला.

हे मला हुशार मुलांकडून जास्त ऐकू येतं. प्रत्येक कागद कुणालातरी दाखवायचाच असला की हात आखडतो.

एक लहान वही कर, जी कधीच सबमिट करायची नाही. स्वस्त कागदाची असली तरी चालेल. त्यात सिटीलिंकच्या बसमध्ये झोपलेली माणसं काढ, मेसच्या काकूंचे हात काढ, वाईट काढ. ती वही एकाच मित्राला दाखव आणि त्याची तू बघ. माझी अशी वही अजून आहे. तिच्यात एका पानावर तेलाचा डाग आहे आणि त्या डागाभोवती मैत्रिणीने साबुदाणावडा काढून ठेवलाय.

आणि थोडा वेळ चित्रांपासून लांब जा. सोमेश्वरला पाणी असेल तेव्हा धबधब्यावर जा, कालिदास कलामंदिरात नाटक बघ, नुसतं झोप.

पण झोपच लागत नाही, जेवण जात नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय, असं असेल तर वही पुरणार नाही. घरी सांग, डॉक्टरांना सांग. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री कधीही मोफत बोलता येतं. आणि तुझा मित्र असा गप्प झालेला दिसला तर त्याच्या खोलीवर जा. मेसेज पाठवून थांबू नकोस.

रंगपंचमीला सबमिशन असतं. जाऊ की नको?

जा. रात्री जाग, पण जा. पेशवाईतल्या रहाडी, म्हणजे रंगाचे मोठे दगडी हौद, वर्षभर फळ्या-मातीखाली बुजवलेल्या असतात आणि या एका दिवसासाठी उघडतात. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यात धप्पा मारून वर आलेला माणूस एकाच रंगाचा झालेला असतो, केस, दात, पापण्या. एकाच रंगात उजेड आणि सावली कशी दिसते हे इतकं स्वच्छ मला कुठल्याच वर्गात समजलं नाही. शिवाय मित्राला ढकलायला मिळतं. पोहता येत नसेल तर काठावर राहा, तिथेही कोरडं कुणी राहत नाही.

फक्त चित्रकलेच्याच मुलांत राहावं का?

मुळीच नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावर होते, त्या दिवसांत नाटकवाल्यांना पडदे रंगवायला हात हवेच असतात. मोठ्या ब्रशने दहा फूट उंच भिंत रंगवली की हाफ इम्पिरियलची भीती जाते. १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयात सभासद व्हा. कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम असतो तेव्हा जाऊन मागे बसा. जुन्या नाशकात तांबट आळीत घणाखालचं तांब्याचं भांडं बघत उभे राहा. तिथले एक आजोबा मला म्हणायचे, ठोक्यांच्या ओळी मोजू नकोस, आवाज ऐक. मी भांड्याचं चित्र काढायला गेले होते. परत येताना भांड्याची गोलाई कानांनी कळली होती. असे मित्र सत्तर वर्षांचेही असतात.

कॉलेज संपल्यावर ही दोस्ती टिकते का?

सगळी टिकत नाही. सेबल ब्रश वाटून घेणाऱ्या आम्हा पाचजणींपैकी दोघींचा आता पत्ता नाही. एक पुण्यात आहे, दिवाळीला बोलतो.

येवल्याची मैत्रीण आश्रमशाळेत चित्रकला शिकवते. रविवारी ती मुलांची चित्रं पाठवते आणि मी माझं अर्धवट काम तिला पाठवते. दोघींनी 'छान' म्हणायचं नाही असं ठरलेलं आहे. परवा गंगेवरचं एक चित्र पाठवलं होतं. तिचं उत्तर आलं, "डावीकडचं झाड जड झालंय. सावलीतला निळा मात्र बरोबर." मी ब्रश ओला केलाय, झाडाचा रंग थोडा उचलून बघते.